शून्य गुणांचं गाणं : युरोव्हिजनमधल्या पोर्तुगालची त्रेपन्न वर्षं

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे.)

मागच्या व्याख्यानात आपण 'मूल्य' आणि 'किंमत' या दोन शब्दांतला फरक पाहिला होता. शेवटी एका श्रोत्यांनी विचारलं होतं, "सर, हे सगळं ठीक आहे, पण एखादं उदाहरण घेऊन शेवटपर्यंत चालून दाखवा ना." मागणी रास्त आहे. म्हणून आज एकच उदाहरण घेऊ, आणि तेही तत्त्वज्ञानाच्या पुस्तकातलं नाही. युरोपात १९५६पासून दरवर्षी एक गाण्याची स्पर्धा होते, तिचं नाव युरोव्हिजन. प्रत्येक देश एक गाणं पाठवतो, बाकीचे देश त्याला गुण देतात, स्वतःच्या गाण्याला मात्र देता येत नाहीत. या स्पर्धेत पोर्तुगाल हा देश १९६४ साली उतरला आणि पहिल्यांदा जिंकला तो २०१७ साली. म्हणजे त्रेपन्न वर्षांनी.

आपला प्रश्न असा : गाणं हरतं म्हणजे नेमकं काय हरतं?

प्रश्न सोपा वाटतो. आपल्याकडे गल्लोगल्ली गायनस्पर्धा होतात, कुणाला ढाल मिळते, कुणाचा मुलगा रडत घरी येतो. आई समजूत काढते, "अरे, तू छान गायलास, परीक्षकांनाच कळलं नाही." या एका वाक्यात खरं तर एक अख्खा सिद्धान्त आहे. तो बरोबर आहे का, हेच आज तपासायचं आहे.

शून्य म्हणजे काय?

२१ मार्च १९६४. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन. पोर्तुगालकडून अंतोनियो कालव्हारियु हा गायक 'ओरासांव', म्हणजे 'प्रार्थना', नावाचं गाणं गातो. निकाल : शून्य गुण. पदार्पणातच शून्य.

पण जरा थांबा. हे शून्य आलं कुठून, ते बघू. त्या वर्षी सोळा देश होते. प्रत्येक देशाचं दहा जणांचं परीक्षक मंडळ होतं, आणि सर्वसाधारणपणे प्रत्येक मंडळाने आपल्या पहिल्या तीन गाण्यांना ५, ३ आणि १ असे गुण द्यायचे होते. चौथ्या क्रमांकाला काही नाही. आता कल्पना करा, एखादं गाणं पंधराच्या पंधरा देशांत चौथं आलं. सगळ्यांना ते बऱ्यापैकी आवडलं आहे. त्याची बेरीज किती? शून्य. आणि जे गाणं सगळ्यांनाच असह्य झालं त्याची बेरीज? तीही शून्यच. त्या वर्षी पोर्तुगालसह चार देशांच्या नावापुढे शून्य होतं. त्या चारांत कोण चौथं होतं आणि कोण सोळावं, हे त्या आकड्यावरून कळायला मार्ग नाही.

म्हणजे पहिला धडा असा : गुण हे गाण्याचं माप नसतं, ते गाणं आणि मोजण्याची पद्धत या दोघांचं मिळून माप असतं. फूटपट्टीवर खुणाच फक्त तीन असतील, तर बाकी सगळ्या लांब्या तिला 'काही नाही' अशाच दिसणार. यात फूटपट्टीची लबाडी नाही. तिला तेवढंच दिसतं, इतकंच.

गाणं पाठवणारे कोण होते?

आता हे गाणं पाठवणारा पोर्तुगाल कोणता होता, ते आठवू. आपल्याला, विशेषतः गोव्यातल्या श्रोत्यांना, तो चांगला ठाऊक आहे. सालाझारची राजवट. गोवा मुक्त होऊन त्या वेळी सव्वादोन वर्षंच झाली होती, आणि लिस्बनने ते मान्य केलेलं नव्हतं. अंगोलात १९६१पासून युद्ध चालू होतं, गिनी-बिसाऊत १९६३पासून, आणि मोझांबिकमध्ये त्याच वर्षी, १९६४ साली, सुरू व्हायचं होतं. कोपनहेगनच्या त्या रात्री एक माणूस थेट मंचावर चढला होता. त्याच्या हातातल्या फलकावर फ्रँको आणि सालाझार यांच्यावर बहिष्कार घालण्याचं आवाहन होतं. त्याला बाहेर नेलं गेलं आणि कार्यक्रम पुढे चालू राहिला.

म्हणजे ज्या देशाची सरकारी दूरचित्रवाणी युरोपसमोर 'प्रार्थना' घेऊन आली होती, त्या देशाच्या तुरुंगात माणसं होती. त्यातला एक आपला माणूस होता. मोहन रानडे, मूळचे सांगलीचे, गोव्यात शिक्षक म्हणून गेलेले आणि मुक्तिलढ्यात पडलेले. १९५५ साली पकडले गेले, पुढे पोर्तुगालला नेले गेले, लिस्बनजवळच्या काशियसच्या किल्ल्यात कोंडले गेले. गोवा सुटला, पण रानडे सुटले नाहीत. ते सुटले जानेवारी १९६९मध्ये. त्यांच्या सुटकेसाठी इथे ज्यांनी जिवाचं रान केलं त्यांत सुधीर फडके होते, आपले बाबूजी. गाण्याचा आणि तुरुंगाचा संबंध असा बादरायण नसतो. कधी कधी तो अगदी घरचाच असतो.

१९६७ साली पोर्तुगालने व्हिएन्नाला एदुआर्दु नाशिमेंतु याला पाठवलं. हा अंगोलातला, लुआंडाचा. या मंचावर गाणारा पहिला कृष्णवर्णीय पुरुष गायक म्हणून त्याचं नाव घेतात. गाण्याच्या नावाचा अर्थ 'वारा बदलला'. अंगोलात त्याच वेळी पोर्तुगीज सैन्य लढत होतं. राजवटीला जगाला दाखवायला असा चेहरा सोयीचा होता, यात शंका नाही. पण म्हणून त्या गायकाचं गाणं खोटं ठरतं का? आम्हाला तसं वाटत नाही. पाठवणाऱ्याचा हेतू आणि गाणाऱ्याचं गाणं या दोन गोष्टी आहेत. हेतू गाण्याला चिकटतो, पण गाणं त्याच्या मालकीचं होत नाही.

आणि कधी कधी तर गाणं पाठवणाऱ्याच्याच हातून निसटतं. १९६९ साली माद्रिदला सिमोन द ऑलिव्हेरा हिने कवी आरी दुश सांतुश यांचं गीत गायलं. त्यात मूल होण्याचा आणि स्त्रीच्या सुखाचा उघड संबंध जोडलेला होता. त्या काळच्या पोर्तुगालमध्ये केवढा गहजब झाला! स्पर्धेत सोळांत पंधरावा क्रमांक, चार गुण. तरीही ते गाणं तिथल्या लोकांच्या तोंडी राहिलं. १९७३ साली याच कवीचं 'तोराडा' आलं, म्हणजे बैलझुंज. वरवर बैलांच्या खेळाचं वर्णन, आतून सगळ्या समाजव्यवस्थेची टर. सेन्सॉरच्या नजरेखालून ते गेलं आणि थेट लक्झेंबर्गच्या मंचावर पोहोचलं, तेही सरकारी खर्चाने. दहावा क्रमांक आला.

तीन गुण आणि एक क्रांती

आता आपण मुख्य प्रसंगाशी आलो. ६ एप्रिल १९७४, इंग्लंडमधलं ब्रायटन. स्वीडनचा ॲबा हा चमू जिंकला, ते सगळ्यांना माहीत आहे. त्याच रात्री पोर्तुगालच्या पाउलु द कार्व्हाल्यु याने 'ई देपॉइश दु अदेउश' गायलं. नावाचा अर्थ 'आणि निरोपानंतर'. जोझे नीझा यांचे शब्द, जोझे कालव्हारियु यांचं संगीत. प्रेम संपल्यानंतरची उदासी, बस. त्यात राजकारणाचा लवलेश नाही.

त्या वर्षीची पद्धत वेगळी होती. प्रत्येक देशाचे दहा परीक्षक, आणि प्रत्येकाने आपल्या एका आवडत्या गाण्याला एक मत द्यायचं. सतरा देश होते, म्हणजे पोर्तुगाल वगळता परीक्षक एकशेसाठ. पोर्तुगालला मिळाले तीन गुण. एकशेसाठांत तिघं! आणखी तीन देशांबरोबर शेवटचा क्रमांक.

यानंतर अठरा दिवसांनी, २४ एप्रिलच्या रात्री ११ला पाच मिनिटं कमी असताना, लिस्बनच्या एका रेडिओ केंद्रावरून हे गाणं लागलं. ऐकणाऱ्या सामान्य माणसाला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. पण ठिकठिकाणी काही लष्करी अधिकारी घड्याळ समोर ठेवून बसले होते. त्यांच्यासाठी तो संकेत होता : तयार व्हा. मध्यरात्र उलटल्यावर, बारा वाजून वीस मिनिटांनी, दुसऱ्या केंद्रावरून जोझे अफोन्सु यांचं 'ग्रांदोला, व्हिला मोरेना' लागलं. तो दुसरा संकेत : निघा, आता माघार नाही. २५ एप्रिलच्या संध्याकाळपर्यंत सालाझारचा वारस मार्सेलु काएतानु शरण आला होता. अठ्ठेचाळीस वर्षांची हुकूमशाही गेली. लोकांनी सैनिकांच्या बंदुकांत कार्नेशनची फुलं खोवली, म्हणून तिला कार्नेशन क्रांती म्हणतात. काशियसचे दरवाजे पुढच्या दोन दिवसांत राजबंद्यांसाठी उघडले.

आणि आपल्याशी याचा थेट संबंध असा की, त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला दिल्लीत करार झाला. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेलीवरचं भारताचं सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केलं. पोर्तुगालतर्फे सही केली परराष्ट्रमंत्री मारियु सुआरिश यांनी आणि भारतातर्फे आपल्या यशवंतराव चव्हाणांनी. १९६१ साली जे जमिनीवर झालं होतं ते कागदावर यायला लिस्बनमधली राजवट बदलावी लागली.

आता इथे मोह होतो. वाटतं, म्हणावं : "बघा, स्पर्धेत शेवटचं आलेलं गाणं इतिहासात पहिलं आलं! परीक्षकांना कळलं नाही, काळाला कळलं." टाळ्या मिळतील अशी ही गोष्ट आहे. वर म्हटलेल्या आईचं वाक्य इथे सिद्ध झाल्यासारखं वाटतं.

पण आपण तत्त्वज्ञानाच्या वर्गात आहोत, तेव्हा जरा सावकाश. ते गाणं संकेत म्हणून का निवडलं? ते थोर होतं म्हणून नव्हे. ते निरुपद्रवी होतं म्हणून. नुकतंच स्पर्धेत गेलेलं, रेडिओवर नेहमी लागणारं, कुणालाच संशय येणार नाही असं. अफोन्सु हे राजवटीच्या नजरेत आलेले गायक. रात्री अकराच्या आधीच त्यांचं गाणं लागलं असतं तर एखाद्याचे कान टवकारले असते. म्हणजे कार्व्हाल्युच्या गाण्याला क्रांतीत जागा मिळाली ती त्याच्या अर्थामुळे नव्हे, तर त्यात तसला काही अर्थ नव्हता म्हणून. घराच्या दारावरची घंटा मधुर आहे की कर्कश, यावर पाहुणा कोण येणार हे ठरत नाही.

म्हणून त्या रात्रीने परीक्षकांना खोटं पाडलं असं म्हणता येत नाही. त्या एकशेसाठ जणांना एक प्रश्न विचारला होता : तुला सगळ्यांत जास्त कोणतं गाणं आवडलं? क्रांतिकारकांचा प्रश्न वेगळाच होता : कोणतं गाणं लावलं तर कुणाला कळणार नाही? दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं एकमेकांना खोडत नाहीत.

मग गाण्याला काहीच मिळालं नाही का? मिळालं. आज पोर्तुगालमध्ये ते लागलं की लोकांच्या अंगावर काटा येतो. तो अर्थ गाण्यात मुळात नव्हता, तो त्याच्यावर येऊन बसला, आणि आता खरवडून काढता येत नाही. गाण्यात भरलेला अर्थ आणि गाण्यावर साचलेला अर्थ असे दोन अर्थ असतात. दोन्ही खरे. फक्त एकाचं श्रेय दुसऱ्याला देऊ नये.

हरण्याचीही सवय लागते

पुढची चाळीस वर्षं भराभर पाहू. १९७५ साली 'पहाट' नावाचं गाणं घेऊन दुआर्ती मेंदिश गेला. हा गायक स्वतः लष्करी अधिकारी, क्रांतीत भाग घेतलेला. म्हणजे या वेळी गाण्यातही क्रांती आणि गाणाऱ्यातही. क्रमांक एकोणीसांत सोळावा. क्रांतीचा अर्थ ठासून भरला तरी गुण वाढत नाहीत, हेही सिद्ध झालं! १९७६ साली फादूचा थोर गायक कार्लुश दु कार्मु गेला, तो बारावा आला. १९९६ साली लूसिया मुनीश सहावी आली, हे तोवरचं सर्वांत मोठं यश. आणि लगेच १९९७ साली पुन्हा शून्य. त्या गाण्याचं नाव काय असावं? 'निरोपाआधी'. 'निरोपानंतर'ला तीन मिळाले होते, 'निरोपाआधी'ला तेवढेही नाहीत.

२००२ साली तर पोर्तुगालने भाग घ्यायचं ठरवून माघार घेतली. ती रिकामी जागा लाटव्हियाला मिळाली, आणि लाटव्हिया जिंकला. हसू येतं, पण पोर्तुगालच्या जागी आपण असतो तर आलं असतं का? २००४पासून चार वर्षं हा देश उपान्त्य फेरीतच अडकला. आर्थिक संकटाच्या काळात २०१३ साली गेलाच नाही.

या अपयशाची कारणं काय? पहिलं कारण भाषा असं सांगितलं जातं. त्यात तथ्य आहे, पण पुरतं नाही. १९७७ ते १९९८ या काळात सगळ्याच देशांना आपापल्या भाषेत गावं लागत होतं, तरी पोर्तुगाल मागेच होता. १९९९नंतर बंधन उठलं. बहुतेक देश इंग्रजीकडे वळले. पोर्तुगाल मात्र मुख्यतः पोर्तुगीजमध्येच गात राहिला. संपूर्ण इंग्रजी गाणं त्याने पाठवलं ते थेट २०२१ साली. दुसरं कारण भूगोल. युरोपच्या टोकाला, शेजारी एकच, स्पेन. शेजारधर्माने मतं देणारे देश भोवती नाहीत. तिसरं कारण आवड. त्यांच्या गाण्याचा ओढा आतल्या स्वराकडे, आणि तीन मिनिटांत परक्या माणसाला पकडायचं तर गाण्याला दारातच हाक मारावी लागते.

आणि मग साडेसातशे

२०१६ साली पोर्तुगालच्या दूरचित्रवाणीने एक वर्ष विश्रांती घेतली आणि देशांतर्गत निवडीची पद्धत बदलली. नव्या-जुन्या संगीतकारांना बोलावून गाणी मागवली. त्यात लुईझा सोब्राल होती. तिने एक संथ, जुन्या वळणाचं गाणं लिहिलं आणि धाकट्या भावाला, साल्वादोरला, गायला दिलं. 'आमार पेलुश दोइश', म्हणजे 'दोघांच्या वाटचं प्रेम एकट्याने करणं'. साल्वादोरला हृदयाचा गंभीर विकार होता. कीव्हमधल्या सुरुवातीच्या तालमींना त्याच्या जागी बहीणच उभी राहिली.

१३ मे २०१७. झगमगत्या मोठ्या मंचावर न जाता तो प्रेक्षकांच्या मधोमध एका छोट्या चौथऱ्यावर उभा राहिला. नर्तक नाहीत, आतषबाजी नाही. गुण मिळाले ७५८. परीक्षकांत पहिला, प्रेक्षकांच्या मतांतही पहिला. बाकी एकेचाळीस देशांकडून जास्तीत जास्त मिळू शकत होते ९८४. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये साल्वादोरवर हृदयारोपणाची शस्त्रक्रिया झाली आणि तो पुन्हा गाऊ लागला.

आता दुसरा मोह. वाटतं, म्हणावं : "शेवटी सत्याचा विजय झाला. आपल्या भाषेला, आपल्या सुराला धरून राहिले, म्हणून फळ मिळालं." पण पुढच्याच वर्षी स्पर्धा लिस्बनला झाली, पोर्तुगालने पुन्हा पोर्तुगीजमध्ये, पुन्हा शांत गाणं दिलं, आणि स्वतःच्या घरी सव्वीसांत सव्विसावा क्रमांक आला. ३९ गुण. निष्ठेचं फळ म्हणून विजय मिळत असता, तर बारा महिन्यांत निष्ठा कुठे गेली होती?

मग उरतं काय?

तीन चुका आपण पाहिल्या. एक, हरलं म्हणजे कमअस्सल. दोन, हरलं म्हणजेच अस्सल, जगाला कळलं नाही. तीन, शेवटी जिंकलं म्हणजे इतकी वर्षं आपण बरोबरच होतो. तिन्हींत एकच गोष्ट समान आहे : तिन्ही निकालाकडे बघून गाण्याचं मूल्य ठरवतात. दुसरी चूक तर निकालाला शिव्या देत देत त्याचीच मोजपट्टी वापरते, फक्त उलटी धरून.

अलास्डेअर मॅकिन्टायर या तत्त्वज्ञाने 'आफ्टर व्हर्च्यू' या १९८१च्या ग्रंथात एक भेद केला आहे. एखाद्या कलेच्या आतलं श्रेय आणि बाहेरचं श्रेय. बुद्धिबळ खेळणाऱ्या मुलाला खाऊचं आमिष दाखवलं तर तो खाऊसाठी खेळेल, जमलं तर फसवेलही. पण खेळातली खोच कळायला लागली की फसवून त्याला काहीच मिळत नाही. बक्षीस बाहेरचं, खोच आतली. युरोव्हिजनचे गुण बाहेरचे. गाणं नीट होणं, हे आतलं.

एका श्रोत्यांनी आत्ताच चिठ्ठी पाठवली आहे : "मग स्पर्धेत उतरायचंच कशाला? गीतेतलं निष्काम कर्म पुरे की." फार चांगला प्रश्न. पण आम्हाला वाटतं, हे उत्तर फार लवकर येतं. जो परक्यापुढे गातच नाही, त्याला आपला सूर फक्त आपल्यालाच भावतो की दुसऱ्यालाही, हे कळायचं कसं? कान्टचं म्हणणं असं की, 'हे सुंदर आहे' असं म्हणताना आपण नुसती आपली आवड सांगत नाही. दुसऱ्यालाही ते तसं वाटावं असा दावा करतो, जरी तो सिद्ध करता येत नसला तरी. म्हणजे सौंदर्याच्या दाव्यातच दुसरा माणूस आहे. त्याच्यापुढे जावं लागतं. त्याचा निकाल ऐकावा लागतो. मानावाच लागतो असं नाही, पण ऐकावा लागतो. ऐकून पोर्तुगालने २०१६ साली थांबून आपली पद्धत तपासली, हे आम्हाला विजयाहून महत्त्वाचं वाटतं. हरल्यावर सूर सोडला नाही, आणि सूर सोडायचा नाही म्हणून डोळेही मिटून घेतले नाहीत.

तर स्पर्धेतून रडत आलेल्या त्या मुलाला काय सांगायचं? "परीक्षकांना कळलं नाही" असं लगेच सांगू नये. कदाचित त्यांना कळलं असेल. "तू वाईट गायलास" असंही सांगू नये. शून्यात काय काय मावतं ते आपण पाहिलंच. त्याला जवळ बसवावं आणि म्हणावं, "बाळा, ते गाणं मला पुन्हा एकदा म्हणून दाखव." म्हणताना तो कुठे अडखळतो, कुठे रमतो, ते ऐकावं. तिथून पुढचं शिकणं सुरू होतं.

पुढच्या वेळी आपण साक्षीदार या कल्पनेकडे वळू. प्रश्न लिहून पाठवा.